वढवाणा तलावाच्या पाळीवर भेटलेल्या काकांना: तुमची लाल ठिपक्याची कॅप माझ्याकडे आहे

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. नंबर घेतला होता, पण त्या थंडीत बोटं इतकी बधिर झालेली की घरी येऊन फोन लावायला गेले तेव्हा कळलं, नऊच आकडे टाईप झालेत. ‘लेन्सवाले काका’ या नावाने नऊ आकडे सेव्ह आहेत. शेवटचा आकडा राहिला असेल असं धरून शून्यापासून नऊपर्यंत सगळे लावून बघितले, दोघांनी उचलला, त्यातले एक आणंदचे बटाट्याचे व्यापारी निघाले, फार गोड बोलले बिचारे, पण ते तुम्ही नव्हता. तर बडोद्यात कोणी मरून रंगाच्या माकडटोपीवाले, गुडघा दुखणारे, स्टीलच्या थर्मासमधून गवती चहा-फुदिन्याचा चहा पाजणारे आणि गाडीच्या किमतीची लेन्स अनोळखी पोरीच्या हातात देणारे काका ओळखत असेल, तर त्यांना हे दाखवा प्लीज.

जानेवारीतला रविवार, डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायला. मी पहाटे पाचला अ‍ॅक्टिव्हावर निघाले होते, आईने दोन स्वेटर घालायला लावलेले तरी डभोईपर्यंत हात गोठले, पुढे धुकं. पाळीवर पोचले तेव्हा नुसता आवाज येत होता पाण्यावरून, दिसत काहीच नव्हतं. मग सव्वासातनंतर जरा उजाडलं आणि समोर पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, दिसले, शंभरेक तरी असतील, पांढऱ्या डोक्यावर ते दोन काळे पट्टे. लांब होते. माझ्याकडे १८०-६०० मिमीची झूम लेन्स, आणि सेकंडहँड घेतलेला १.४ चा टेलिकनव्हर्टर, लांबचं १.४ पट मोठं करून दाखवणारा, म्हटलं लावूया. आता ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीय, कनव्हर्टर कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसतो, म्हणजे आधी लेन्स काढा, मग तो कॅमेऱ्याला लावा, मग त्याच्यावर लेन्स, आणि हे सगळं वाऱ्यात, धुळीत, बसून. तर मी अशी बसलेली, मांडीवर कॅमेरा तोंड उघडून, एका हातात लेन्स, दुसऱ्या हातात कनव्हर्टर आणि लेन्सची मागची कॅप दातात. आणि नेमका तेव्हाच सगळा थवा उठला. डोक्यावरून गेला हो! मी "आई गं" म्हणाले, आणि दातातली कॅप सुटून दगडांवरून टप्पे खात पाण्यात.

तुम्ही मागून म्हणालात, "मराठी का? दातात सुतळी धरतात बेटा, कॅप नाही."

मला आधी रागच आला होता, खरं सांगते. पण मग तुम्ही चहा ओतलात, माझा कॅमेरा बघितलात, निकॉन झेड सिक्स टू आहे म्हटल्यावर "मग बसेल" एवढंच म्हणालात, आणि मला तुमच्या गाडीत नेऊन काचा वर केल्या, पंखा बंद केला आणि तुमच्या कॅमेऱ्याची ४०० मिमी एफ २.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) काढून माझ्या कॅमेऱ्यावर चढवलीत. माझी लेन्स कॅपशिवाय उघडी पडलेली, तिला तुमची मागची कॅप लावलीत. मी नको नको म्हणत होते, कारण एवढी महाग वस्तू हातातून पडली तर माझा दोन-तीन वर्षांचा पगार गेला. तुम्ही म्हणालात, माझा गुडघा आज खाली बसू देत नाहीये, ही नुसती गाडीत बसून राहण्यापेक्षा तू घेऊन बस, ऊन चढेपर्यंत तुझी.

अनोळखी माणसाला आपण पेनसुद्धा टोपण काढून ठेवून देतो.

तर ती लेन्स. माझ्यासारख्या ज्यांनी फक्त व्हिडिओत बघितलीय त्यांच्यासाठी लिहिते. निकॉनने २०२२ च्या जानेवारीत आणली, वजन जवळजवळ तीन किलो, आणि मागच्या बाजूला एक लिव्हर, उजव्या हाताची ग्रिप न सोडता बोटाने सरकवता येतो. सरकवला की आत बसवलेली भिंगं प्रकाशाच्या वाटेत येतात आणि ४०० ची ५६० होते, एफ २.८ चं एफ ४. परत सरकवला की परत ४००. डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलवायचा नाही, लेन्स काढायची नाही, धूळ नाही, दात नाहीत. कल्पना नवी नाही, तुम्हीच सांगितलंत की कॅननने २०१३ मध्ये २००-४०० मध्ये हेच केलं होतं आणि निकॉनने २०१८ मध्ये १८०-४०० मध्ये, आणि निकॉनची मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांची ६०० एफ ४ पण ह्याच धर्तीवर निघालीय. पण ऐकणं वेगळं, आणि बोटाखाली तो खट्‌ आवाज होणं वेगळं.

अर्थात मी पहिल्या मिनिटात जे कोणीही करेल तेच केलं. लिव्हर ५६० वर टाकला आणि तिथेच ठेवला. लांबचं जवळ दिसतंय ना, मग अजून जवळ बघू! दहा मिनिटं मी आकाशात नुसती लेन्स फिरवत होते, पक्षी सापडेचना, सापडला तर पंख कापलेला.

तुम्ही गाडीच्या दारातून बघत होता. काही बोलला नाहीत. मग खाली आलात, गुडघा धरून, आणि ती उशी माझ्या लेन्सखाली सरकवलीत, जुन्या जीन्सचा एक पाय कापून त्यात मूग भरलेली. ("काकू म्हणते घरी आणलीस की एक दिवस उसळ करून टाकते.") आणि म्हणालात, "आधी ४०० वर शोध. सापडला, फोकस बसला, मग जवळ बोलाव. आणि बोलावलेल्या पाहुण्याला परत पाठवायला लाजायचं नाही."

मग तो भोवत्या आला. दलदली भोवत्या, पाणथळीवर शिकार करणारा पक्षी, मादी, डोकं फिक्कट पिवळसर, गवताच्या वरून अगदी खालून उडत. समोर पाण्यात वारकरी नावाचे पाणपक्षी पसरलेले, दोन-तीनशे काळे ठिपके, कपाळाला पांढरा टिळा. (तुमचा तो विनोद, "आपले वारकरी, पंढरपूर चुकलेले", मी आता ऑफिसमध्ये सगळ्यांना ऐकवते, गुजराती लोकांना समजावून सांगावा लागतो आणि मग त्यात मजा राहत नाही.) भोवत्या जवळ आला तसे ते सगळे वारकरी एकमेकांकडे पळायला लागले, पंख पाण्यावर आपटत, आणि बघता बघता एक घट्ट काळा गोळा झाला, भोवती नुसतं पाणी उडतंय. हे मी ४०० वर घेतलं, पूर्ण गोळा आणि वर पक्षी. मग तो एका जागी थबकला, पाय खाली सोडले, आणि तुम्ही मागून अगदी हळू म्हणालात "आता". खट्‌. ५६०. त्याच्या पायाच्या नख्या दिसल्या मला, काका, मोकळ्या, ताणलेल्या, आणि एका वारकऱ्याने उडवलेलं पाणी त्याच्या पोटाला लागताना. दोन सेकंद. मग तो रिकामा गेला आणि मी परत ४०० वर आले, गोळा सैल होताना मिळाला. तिन्ही फोटो एकाच मिनिटातले. माझा कनव्हर्टर असता तर मी अजून स्क्रू फिरवल्यासारखी लेन्स फिरवत असते.

आणि प्रकाश. धुकं होतं, माझ्या लेन्सवर ६०० ला एफ ६.३ म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवली की फोटो रवाळ होतो) ६४०० लागत होता, कनव्हर्टर लावला असता तर एफ ९ आणि १२८००. कारण सोपंय, १.४ गुणिले १.४ म्हणजे जवळजवळ दोन, चित्र तेवढ्या पट पसरतं म्हणून प्रकाश निम्मा होतो, ह्यातून कोणाची सुटका नाही, आत बसवलेल्याचीही नाही. फक्त जो माणूस २.८ पासून सुरू करतो तो निम्मा होऊनही ४ वर असतो. तुमच्या लेन्सवर त्याच शटरला २५०० दिसत होतं, लिव्हर बंद केला की १२५०. घरी येऊन मोठं करून बघितलं तर भोवत्याच्या मानेवरची पिसं वेगवेगळी मोजता येतात. माझ्या जुन्या फोटोंत तिथे चिवडा असतो, आणि तोही आपला बडोद्याचा लीलो चिवडा नाही.

नऊच्या पुढे ऊन चढलं आणि पट्टकादंब परत येऊन लांब उतरले. मी लगेच ५६०. तुम्ही विचारलंत, पाणी बघ, काय दिसतंय? मी म्हटलं हंस. "हंसाच्या खाली?" मग दिसलं, पाण्यावरची हवा नाचत होती, हंसांच्या कडा वितळल्यासारख्या. तुम्ही म्हणालात की थंड पाणी, वर तापणारी हवा, आता लेन्स कितीही भारी असो, तू पक्ष्याबरोबर ती हवापण मोठी करतेयस. लिव्हर बंद कर, पक्षी लहान येऊ दे, तलाव येऊ दे. मी मनातून नाराज होऊन ४०० वर चार-पाच फोटो घेतले: खाली हंस, मागे पाळ, पाळीवर सायकल धरून उभा एक माणूस, वर फिकट आकाश. आज माझ्या भिंतीवर तो फोटो आहे, नख्यांचा नाही. हे तुम्हाला सांगायचंच होतं.

तो लावताना बाबांनी विचारलं हे कुठे, तर मी तुमचंच सगळं ऐकवलं: हे पाणी बडोदा संस्थानाने १९१० मध्ये शेतीसाठी अडवलं, महाराज सयाजीरावांच्या काळात, राहायला मात्र हे पट्टकादंब आले, हिमालय ओलांडून, ७००० मीटरच्या वरून उडत, आणि २०२१ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत तलावाचं नाव लागलं. बाबा म्हणाले, एवढं सांगणाऱ्या माणसाचं नाव विचारलं नाहीस? हो ना. तुम्हाला काकूंचा फोन आला, पाहुणे येऊन बसलेत म्हणून, तुम्ही घाईत गाडीत बसून लेन्स बदललीत, मी बधिर बोटांनी नंबर टाकला, आणि तुम्ही गेलात. मी नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, "सांभाळून जा" म्हटलं, जसं काही मीच तुम्हाला लेन्स दिली होती.

ती लेन्स मी घेणार नाहीये, एवढे पैसे नाहीत आणि असते तर आधी आईचे दात केले असते. माझा कनव्हर्टर कपाटात गेलाय. आता मी माझ्याच झूमवर तुमची पद्धत वापरते, आधी मागे, पक्षी सापडला की पुढे, आणि हवा नाचायला लागली की परत मागे. तीन रविवार झाले, पंख कापलेले फोटो बरेच कमी झालेत.

आता कॅप. घाईत ती माझ्याच लेन्सवर राहिली. घरी आल्यावर बघितलं, आत लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, बहुतेक काकूंनी लावलाय, दुसऱ्या कॅपांत मिसळू नये म्हणून. तुमची लेन्स तेव्हापासून मागून उघडी आहे का, की दुसरी कॅप घेतलीत, ह्या विचाराने मला उगीच अपराधी वाटतं. मी होळीपर्यंत दर रविवारी तिथेच असते, टॉवरच्या डावीकडे, पावणेसातपासून. चहा ह्या वेळी मी आणते. आणि काकूंनी खरंच उसळ करून टाकली असेल तर सांगा, येताना किलोभर मूग घेऊन येते.

तुमची,
दातात कॅप धरणारी