डिकीचं दार लागलं का, ते हाताने ओढून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले आहेत. आता महामार्गावर रात्रंदिवस चाकरमान्यांच्या ट्रॅव्हल्सची रांग लागेल आणि त्यांच्या जोडीला अलीकडे वाढलेल्या कॅम्परव्हॅनही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्याही, असतील. खड्ड्यांवर, कोंडीवर आपल्या दैनिकात दरवर्षी भरपूर लिहून येतं आणि ते यायलाच हवं. पण गाडीच्या अंगाला जे सामानाचे कप्पे असतात, ज्यांना आपण सरसकट डिकी म्हणतो, त्यांची दारं नीट लागलेली आहेत की नाहीत यावर मी कधी एक ओळ वाचलेली नाही. म्हणून हे पत्र.

मी एस.टी.त बॉडी फिटर होतो. सगळी नोकरी पत्रा, रिव्हेट, बिजागऱ्या आणि खिडक्या-दारांच्या रबरांत गेली. निवृत्तीनंतर कुडाळजवळ मुलाच्या गॅरेजात बसतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर आमच्याकडेही अशा गाड्या येऊ लागल्या. टेम्पो ट्रॅव्हलरच्या किंवा मिनीबसच्या चेसिसवर बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, संडास असं सगळं घर बसवलेलं असतं. माणसं तारकर्लीला राहतात, वेंगुर्ल्याला राहतात आणि तशीच रेडीमार्गे गोव्यात उतरतात. या गाड्यांचं मला कौतुक आहे. आपल्या किनाऱ्याला त्या शोभतात आणि गावातल्या माणसाला चार पैसेही देऊन जातात. पण त्यांच्या कुशीला पाच-सहा दारं असतात. त्यांतली बरीचशी माणसाच्या कमरेच्या उंचीला येतात आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या अगदी जवळून जातात.

यंदा मे महिन्यात मालवण-कुडाळ रस्त्यावर भाड्याने घेतलेल्या एका गाडीचं डाव्या अंगाचं दार चालत्या गाडीत उघडलं. समोरून येणाऱ्या ट्रकला साइड देण्यासाठी चालकाने गाडी डावीकडे दाबली होती. उघडं दार चिऱ्यांच्या गडग्याला लागलं, बिजागरीसकट उपटलं आणि पुढे स्टॉपवर उभ्या असलेल्या एका गृहस्थाच्या दंडावर बसलं. हाड मोडलं. गाडी ओढून आमच्याकडे आणली तेव्हा मी लॉक हातात घेऊन पाहिलं. चालक भला मुलगा होता, थरथरत होता. दार लावलं होतं आणि लागल्याचा आवाजही ऐकला होता, असं तो परत परत सांगत होता. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आवाज आला असणारच.

या लॉकना दोन खाचा असतात. दार ढकललं की लॉकची जीभ फिरते आणि आधी पहिल्या खाचेत अडकते. आणखी जोर लावला की दुसऱ्या खाचेत बसते. पहिल्या खाचेतही ‘खट्’ असा आवाज होतो. दार जेमतेम बोटभर बाहेर राहतं आणि संध्याकाळच्या उजेडात ते कुणाच्या लक्षात येत नाही. पहिली खाच ही दार निसटलंच तर धरून ठेवण्यापुरती केलेली असते, तिच्यावर प्रवास करायचा नसतो. आमच्याकडचे क्लीनरही म्हणतात, “आवाज इलो म्हणजे लॉक लागला.” मी त्यांना प्रत्येक वेळी दार पुन्हा उघडायला लावतो, दोन्ही आवाज ऐकवतो आणि मगच गाडी सोडतो.

आता रबराकडे येतो, कारण लॉकची निम्मी दुखणी रबरातून सुरू होतात. दाराच्या चौकटीला पोकळ नळीसारखं बीडिंग लावलेलं असतं. दार लागलं की ती नळी दबते आणि दाराला बाहेर ढकलत राहते. लॉक दाराला आत ओढून धरतं. या दोन जोरांचा मेळ बसला की दार हलत नाही, वाजत नाही, पाणी घेत नाही. रबर उन्हाने आणि वर्षानुवर्षं दबून चपटं झालं की ते ढकलणं बंद होतं. मग खड्ड्याखड्ड्याला दार आपल्या लॉकवर आपटतं आणि जीभ झिजते. याच्या उलट, कुणी बाजारातून मिळेल ते जाड बीडिंग आणून चिकटवलं, की दार दुसऱ्या खाचेपर्यंत पोचतच नाही. मालवण रस्त्यावरच्या त्या गाडीला तेच झालं होतं. पावसाळ्याआधी नवंकोरं जाड रबर लावलेलं, आणि लॉकचा खुंटा, म्हणजे जीभ ज्याला अडकते तो, मात्र जुन्या रबराच्या मापावरच ठेवलेला. रबर बदललं की खुंट्याचे दोन बोल्ट ढिले करून तो पुन्हा जागेवर बसवावाच लागतो. हे काम दहा मिनिटांचं आहे.

ही तपासणी करायला फिटर लागत नाही. कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटून आली तर तिथे रबर दाबत नाही. असं चारही बाजूंनी करा, खालच्या दोन कोपऱ्यांत तर नक्कीच. रबरावर खडू घासून दार लावलं तर चौकटीवर जिथे रेघ उमटत नाही तिथे फट असते. रात्री आत बॅटरी पेटवून ठेवली तरी फटी दिसतात. शेवटी दाराच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांवर तळवा ठेवून दाबा. दार आत-बाहेर हललं तर लॉक पहिल्या खाचेत आहे किंवा रबर मेलेलं आहे. लांब दाराला मधोमध एकच लॉक असेल तर कोपरे फुगतात. अशा दाराला दोन्ही टोकांना लॉक हवं. गाडी बांधणाऱ्याकडे त्यासाठी हट्ट धरा.

एक मात्र पाहा. हे सगळं गाडी सपाट जागेवर उभी असताना करायचं. एक चाक गटाराच्या कडेवर आणि तीन रस्त्यावर, अशा अवस्थेत बॉडी पिळते आणि चौकट तिरकी होते. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले फेरीबोटीच्या उतारावर चढता-उतरताना हाच पीळ बसतो. गाडी बोटीवर स्थिर झाली की खाली उतरून एकदा सगळ्या दारांवर हात फिरवावा. खाडी ओलांडेपर्यंत वेळच वेळ असतो.

बिजागरी कुठे आहे यालाही फार महत्त्व आहे. आडवं उघडणारं दार असेल तर बिजागरी गाडीच्या तोंडाकडे हवी, म्हणजे लॉक सुटलं तरी वारा दार मिटवत राहतो. बिजागरी मागच्या अंगाला असेल तर वारा दार धरून फाडतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. खारेपाटण ते झाराप रस्ता चौपदरी झाल्यापासून जी गाडी पूर्वी चाळीसने जायची ती आता ऐंशीने जाते. जुन्या रस्त्यावर नुसतं खडखडणारं दार या रस्त्यावर उखडून जाईल.

आणि सामान. गणपतीत माणसं तांदळाची पोती, मखराचं साहित्य, गॅसची शेगडी जे जे असेल ते कोंबतात आणि पाठीने दार ढकलून लावतात. मग करूळ, फोंडा, आंबोली यांपैकी कुठल्याही घाटात वळणावर तो सगळा भार दारावर येतो. लॉक दार मिटून ठेवण्यासाठी असतं, क्विंटलभर वजन पेलण्यासाठी नसतं. सामान आत पट्ट्याने बांधा. दार उघडल्यावर काही अंगावर पडत नसेल, तरच ते बरोबर भरलंय असं समजा.

पाणी आणि धूळ आत शिरणं ही तक्रार लोक स्वतःहून करतात, कारण त्यांचे कपडे भिजतात. पण खरं नुकसान कपड्यांचं नसतं. कप्प्याच्या तळाचं प्लायवूड पाणी पिऊन फुगतं, त्यातले स्क्रू सुटतात आणि वायरिंगचे जोड हिरवे पडतात. आपल्याकडे तर पावसाबरोबर खारी हवाही आहे. लोखंडी स्क्रू अॅल्युमिनियमच्या पत्र्याला लावला आणि त्याला खारं पाणी लागलं, की त्या जोडापाशी अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. वरून दार चकचकीत दिसतं आणि बिजागरी मात्र भोकांतून मोकळी झालेली असते. समुद्राकाठी फिरणाऱ्या गाडीला ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील लावा. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत त्याच्यावर डाग धरतात. किनाऱ्यावरून परत आलं की लॉक आणि बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात. रबराला ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल लावू नये. हे बीडिंग बहुतेक वेळा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि ते तेलाने फुगून मऊ पडतं. त्याला सिलिकॉनचं वंगण लागतं. रबराचा जोड नेहमी दाराच्या खालच्या बाजूला ठेवावा, वर ठेवला तर पागोळीचं पाणी बरोबर त्याच जोडातून आत येतं. खालची पाणी जायची भोकंही तांबड्या मातीने बुजतात, ती काडीने मोकळी करावीत.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. रात्री एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून माणसं आत झोपतात. खालच्या कप्प्याचं दार फटीचं असेल आणि कप्प्यातून वरच्या खोलीत वायरींसाठी पाडलेली भोकं उघडी असतील, तर सायलेन्सरचा धूर त्याच वाटेने आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्याला कळत नाही. म्हणून बाहेरच्या दाराचं रबर जितकं महत्त्वाचं तितकीच ही आतली भोकं बुजवणंही महत्त्वाचं. आणि दार कितीही चांगलं असलं तरी माणसं झोपलेली असताना इंजिन चालू ठेवू नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो.

पण सगळंच बुजवायचं नसतं, हेही तितक्याच जोरात सांगतो. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी किंवा भोकं ठेवलेली असतात, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साठतो. तो बाहेर जायला ती वाट लागते. पाणी येतं म्हणून त्या जाळीवर सिलिकॉन फासलेली एक गाडी मी पाहिली आहे आणि तिथल्या तिथे ते खरवडून काढलं आहे. हा कप्पा राहण्याच्या खोलीकडून पूर्ण बंद आणि बाहेरच्या अंगाला खालून मोकळा असायला हवा. साध्या अॅसिडच्या बॅटरीच्या कप्प्याला याच्या उलट वरच्या बाजूने हवा हवी, कारण चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन हलका असतो आणि वर चढतो.

हे सगळं लिहिण्यामागे माझ्या काही मागण्या आहेत. प्रवासी आणि भाड्याच्या गाड्या फिटनेससाठी आणल्या जातात तेव्हा ब्रेक, दिवे, टायर पाहतात. त्याच वेळी डिकीचं प्रत्येक दार उघडून, लावून, ओढून पाहावं. कॅम्परव्हॅन भाड्याने देणाऱ्यांनी चावी देताना गाडी फिरून दाखवावी आणि प्रत्येक दार गिऱ्हाइकाच्या हातून एकदा लावून घ्यावं. मोबाइलवर व्हिडिओ पाठवणं पुरेसं नाही, दुसऱ्या खाचेचा झटका हाताला जाणवावा लागतो. ट्रॅव्हल्सच्या मालकांनी क्लीनरला दर थांब्यावर दोन्ही अंगांच्या डिक्या तपासायला लावाव्यात. प्रवासी उतरताना सामान काढतात, घाईत दार लोटतात आणि गाडी सुटते. खरं तर दाराला एक छोटं बटण आणि चालकासमोर एक लाल दिवा बसवला तर दार उघडं असल्याचं त्याला जागेवर कळेल. मोटारीच्या दारांना ही सोय असते, मग इतक्या मोठ्या डिकीला का नसावी? नव्या गाड्यांना ती बसवूनच द्यावी, असा नियम सरकारने करावा.

प्रवाशांनाही विनंती आहे. मुंबई सोडताना, चहाला थांबल्यावर आणि घाट चढण्याआधी तुम्ही स्वतः खाली उतरा. दार डोळ्यांनी पाहू नका, हाताने ओढा. चालक रागावला तर रागावू दे.

गणपतीआधीचे दिवस आमच्या गॅरेजात येणाऱ्या कुठल्याही गाडीच्या डिकीची दारं आणि रबरं मी पैसे न घेता तपासून देणार आहे. सामान भरलेलं असेल तर थोडं बाहेर काढावं लागेल, एवढी तयारी ठेवून या.

आपला नम्र,
एक निवृत्त बॉडी फिटर
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग