आजी वळसा घालायला लावायची तिथे

रत्नागिरी
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन केला की बाबा तिसऱ्या मिनिटाला "घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई पहिल्या मिनिटापासून "जेवलीस का" विचारते. म्हणून पत्र. शिवाय सड्यावरच्या कातळशिल्पांचं, म्हणजे उघड्या कातळपठारावर खोदलेल्या जुन्या चित्रांचं, तोंडी सांगायला घेतलं तर बाबा मध्येच म्हणणार, "सड्यावर काय असायचंय? कातळ." गेल्या रविवारी म्हणालातच तसं. मी कशेळीला जाऊन आले म्हटल्यावर आईने विचारलं, कनकादित्याला नारळ दिलास ना. आणि बाबांनी विचारलं, पेट्रोल किती लागलं. दिला. आणि पेट्रोलचं विचारू नका.

सुरुवात मुलांमुळे झाली. बदली होऊन इथे आलो तेव्हा दोघंही मोबाइलमधून मान वर काढत नव्हती. मग ठरवलं, रविवारी डबा बांधायचा आणि उघड्यावर काहीतरी बघायला जायचं. काचेच्या कपाटातलं नको, वर आभाळ पाहिजे. पहिल्यांदा गणपतीपुळ्याचं प्राचीन कोकण केलं. झाडीतल्या वाटेवर माणसाएवढे पुतळे आहेत, जुन्या गावातले बलुतेदार आपापल्या कामात गुंतलेले. आई, तुला तिथे न्यायचंच आहे, कारण तू प्रत्येक पुतळ्याची चूक काढशील आणि त्यातच आमची करमणूक होईल. मग सावर्ड्याजवळ डेरवणला गेलो. शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंगच्या प्रसंग तिथे शिल्पांत उभे केलेत. बाबांना तिथून जेवायला ओढून आणावं लागेल. सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा बघायला तुम्ही मला उचलून घेतलं होतंत, आठवतं? मागे रांग खोळंबली होती आणि तुम्ही मला बोटं मोजायला लावत होता.

ही दोन्ही ठिकाणं चांगलीच आहेत. पण तिथे शिल्प आपल्यासमोर येऊन उभं राहतं. सड्यावर ते आडवं पडलेलं असतं, आपल्याच पायांशी, आणि पहिल्या खेपेला मी त्याच्या पाच पावलांवर उभी राहून "कुठाय, कुठाय" करत होते.

ती पहिली खेप म्हणजे फजितीच. एप्रिल महिना, भर बाराची वेळ, कातळ असा तापलेला की धाकट्याची चप्पल मऊ पडली. पावसला स्वामींचं दर्शन, मग पूर्णगडचा पूल, गावखडी, कशेळी असं रमतगमत गेलो आणि ऐन उन्हात पोचलो. वर सूर्य, खाली काळा दगड, मध्ये आम्ही. एक रेघ म्हणून दिसेना. थोरली म्हणाली, "आई, हे तर पार्किंग आहे." चिडून परत आलो, डबा गाडीतच खाल्ला.

चूक वेळेची होती. आपल्या जुन्या घराचे चिरे आठवा. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा तांबडा असतो आणि पावसापाण्याने वरून काळा पडत जातो. ज्या कोणी ही चित्रं खोदली त्यांनी कातळाचं ते काळं पापुद्र्यासारखं कवच फोडून रेघ काढली. तेव्हा ती लालभडक दिसली असणार. आता तीही काळी पडलीय, काळ्यावर काळी. रंगाने ती दिसतच नाही, फक्त सावलीने दिसते. दुपारी सूर्य डोक्यावर आला की खोबणीतली सावली जाते आणि चित्रही जातं. सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हाच जायचं. एवढं कळायला मला एक रविवार आणि एक चप्पल लागली.

दुसऱ्यांदा मागच्या आठवड्यात गेलो, उजाडता उजाडता. गुरं घेऊन आलेले एक आजोबा भेटले. आमची शोधाशोध बघून त्यांनी कुठूनशी हिराची केरसुणी आणली आणि वाळकं गवत नि माती हलक्या हाताने लोटायला लागले. आपण सारवलेलं अंगण झाडतो ना, तसं, ओरखडा उठू न देता. मग मला म्हणाले, "उन्हाकडं तोंड करून उभ्या ऱ्हावा, मंग दिसल." मी फिरून उभी राहिले. आधी एक वळण दिसलं, नुसतं वळण. त्याच्यामागे नजर नेली तर पाठ निघाली, मग पाय, आणि एकदम थोरली ओरडली, "हत्ती!" त्यानंतर तो हत्ती काही केल्या दिसायचा थांबेना.

बाबा, हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तुमच्या हिशेबात जवळजवळ साठ फूट आणि बेचाळीस फूट. डोंबिवलीचं आपलं घर चारशे चौरस फुटांचं; तशी सहा घरं त्या चौकटीत बसतील. आणि हत्तीच्या पोटात, पाठीत, सगळीकडे लहान लहान प्राणी भरलेत. मासे, पक्षी, चार पायांची जनावरं. धाकट्याने मोजायला घेतले, चाळिसाच्या पुढे त्याचा गोंधळ झाला. मी बाहेरच्या रेघेजवळ उकिडवी बसून खोबणीत बोट घातलं. पेरभर खोल. कडा झिजून गोल झाल्यात, पाट्याला टाकी लावून बरीच वर्षं झाली की लागते तशी हाताला लागते.

आता तुम्हाला दोघांनाही एक प्रश्न विचारायचाय, कारण तुम्ही दोघंही आपापल्या परीने त्यातले जाणकार. आसपास टेकडी नाही, झाड नाही. साठ फुटांचा हत्ती अख्खा दिसेल अशी उंच जागाच तिथे नाही. आज ड्रोन वर सोडतात तेव्हा तो पूर्ण दिसतो. मग काढणाऱ्याने प्रमाण कसं राखलं? बाबा, तुम्ही कंपनीत तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतात, गणपतीच्या आराशीला पोस्टकार्डावरचं चित्र चौकोन आखून भिंतीएवढं करायचात. तसे चौकोन इथे कुठे दिसले नाहीत.

मला वाटतं उत्तर आईकडे आहे. दिवाळीत अंगणभर रांगोळी काढताना तू कधी उठून लांबून बघितलेलं मला आठवत नाही. उकिडवी बसून मागे मागे सरकत जायचीस, चिमटीतून रेघ सुटत राहायची, आणि शेवटचं टोक पहिल्या टोकाला बरोबर येऊन मिळायचं. मी विचारलं तर म्हणायचीस, "हाताला ठाऊक असतं." राजापूर तालुक्यात देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच्या कातळावर एक चौकोनी रचना आहे, आत वळणावळणाची नक्षी गच्च भरलेली. ती बघताना मला तुझीच आठवण आली. लोक तिचा अर्थ शोधतात. मी मात्र काढणारी बाई कुठून सुरुवात करून कुठे उठली असेल तेच शोधत फिरले. (ती बाईच होती, हे माझं ठाम मत. पुरावा विचारू नये.)

बारसूच्या सड्यावर एक माणूस आहे, दोन्ही हात पसरलेला, दोन बाजूंना दोन वाघ. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर अशीच आकृती आहे, म्हणून अभ्यासक तिच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. देवाचे गोठणे इथे माणसाची आकृती आहे तिथे होकायंत्राची सुई भरकटते. धाकट्याला त्या एकाच गोष्टीत रस होता. मला सगळ्यात नवल वाटलं गेंड्याचं. कोकणात गेंडा! कुणी बघितल्याशिवाय तर काढला नसेल. अभ्यासक या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापासून, म्हणजे शिकारीवर जगायच्या दिवसांपासून, इतिहासकाळाच्या सुरुवातीपर्यंत लांबवतात. त्यांत शिकारीची जनावरं आहेत, मुशी आणि पाकट हे समुद्रातले मासे आहेत, पण नांगर नाही, भाताचं लोंबरू नाही. म्हणजे यातली जुनी चित्रं तरी आपल्याकडे भात आलाच नव्हता तेव्हाच्या माणसांची असावीत. आई, विचार कर, कोकणात भाताशिवाय.

२०२२ साली यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. म्हणजे बाबा, तुम्ही ज्याला "नुसता कातळ" म्हणता त्याची दखल जगाने घेतली, डोंबिवलीने घ्यायची राहिलीय.

पण मुद्द्याचं वेगळंच आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ही इथलीच माणसं सडे तुडवत ही चित्रं शोधत फिरली. त्यांना ती सापडली कशी, तर गावातल्या म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून. नकाशात काही नव्हतं, जे होतं ते लोकांच्या बोलण्यात होतं. कुणी त्यांना पांडवांनी काढलेली चित्रं म्हणायचं, कुणी आणखी काही. त्या माणसांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी माती काढली, मापं घेतली, नोंदी केल्या.

हे ऐकताना मला एकदम तुमची गोष्ट आठवली, बाबा. मी सात-आठ वर्षांची असेन, गणपतीला गावी होतो. तुम्ही सांगत होता की शाळेत जायची वाट सड्यावरून होती आणि गुरं घेऊन आजी बरोबर असली की एका ठिकाणी सरळ जाऊ द्यायची नाही, वळसा घालायला लावायची. "पाय देऊ नकोस, पांडवांचं हाय ते." तुम्ही हसत सांगत होता, म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी म्हणून. मीही हसले होते. काल रात्रभर मला तेवढंच आठवत होतं.

बाबा, ती जागा कुठली? ग्रामदेवतेच्या अलीकडे की पलीकडे? मी काकांना फोन केला, ते म्हणाले, तुझ्या बापाला ठाऊक, मी लहान होतो. वाडीत आता ती वाट कुणी चालत नाही, सगळे डांबरी रस्त्याने जातात. आणि काका सहज बोलता बोलता म्हणाले की आपल्या सड्याच्या पलीकडच्या अंगाला चिरेखाण लागलीय, दिवसभर मशीनचा आवाज येतो. एकदा चिरा निघाला की त्यावर काय होतं ते सांगायलाही कुणी उरत नाही. तो गवंड्याच्या हाताखाली जातो आणि कुणाच्यातरी गडग्यात, कुंपणाच्या भिंतीत बसतो.

म्हणून या. आईचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, सगळा विचार केलाय. जनशताब्दी ठाण्याला थांबते, दादा तिथवर सोडेल, इकडे स्टेशनवर आम्ही येतो. आल्या आल्या सड्यावर नेणार नाही. पहिला दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी उक्शीला जाऊ. तिथल्या हत्तीला गावाने चिऱ्यांचं गोल कुंपण घातलंय आणि वरून बघायची सोय केलीय. फार चालावं लागत नाही, मी घडीची खुर्ची घेईन. तिसऱ्या दिवशी कशेळी, आणि तिथूनच पुढे आडिवऱ्याला महाकालीची ओटी. त्याशिवाय तू यायची नाहीस हे मी धरूनच चाललेय. थंडी आहे तोवर जमवा. मोहोर चांगला आलाय, फेब्रुवारीनंतर कातळ तापायला लागेल. पावसाळा सरता सरता सड्यावर सीतेच्या आसवांची निळी फुलं येतात ती पुन्हा कधीतरी बघू, त्या दिवसांत शेवाळावरून पाय सरकतो.

आणि मग, अंगात त्राण असेल तर, आपल्या सड्यावर. बाबा, तुम्ही पुढे, आम्ही मागे. काही निघालं नाही तरी चालेल. तुमची शाळेची वाट मुलांनी बघितलेली नाही, तेवढी तरी बघतील.

सोबत एक कोरा कागद घडी करून ठेवलाय. विहीर, फणस, शाळा, देऊळ आणि आजी जिथे वळायला लावायची ते वळण, एवढं काढून पाठवा. यायचं लांबलं तरी कागद आधी पाठवा. स्केल नसलं तरी चालेल, पण उत्तर दिशा दाखवा.

तुमची,
बाय

ता. क. पेट्रोल पाचशेचं लागलं. आईला सांगू नका.