इमारतीची स्थिती ‘चांगली’ कुणी ठरवायची? : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
फोंडा, गोवा

विषय : पाहणी अहवाल आणि छताची गळती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर इमारतीच्या पाहणीचा अहवाल लागला. ‘एकूण स्थिती : चांगली’ हे त्यातले शब्द वाचून मी तिथेच थांबले. त्या अहवालाच्या आधारे छताच्या वॉटरप्रूफिंगचं काम पुढच्या वर्षावर ढकलल्याचं कळलं, म्हणून हे पत्र.

पाहणी मार्चमध्ये झाली. अधिकारी आमच्याकडेही आले होते. सज्जन माणूस. त्यांनी पिलर पाहिले, बीम ठोकून पाहिले, भेगा मोजल्या. मार्चमध्ये आमच्या भिंती ठणठणीत कोरड्या असतात. पण हीच भिंत आषाढात हात लावून पाहावी. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सोलां (आमसुलं) आणि मिरच्या बुरशीने फेकाव्या लागतात. सासूबाईंचा दमा रात्री दोन-दोन वेळा उठवतो. यातलं काहीच त्या छापील तक्त्यात बसत नाही.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशीची गोष्ट सांगते. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, हॉलच्या स्लॅबला चार हूक आहेत. नारळ, तोरिंजं, चिबूड, सुपाऱ्यांचे घोस असं सगळं बांधलं की वजन कमी नसतं, म्हणून सासरे स्टुलावर चढून दरवर्षी हूक हलवून पाहतात. यंदा तिसरा हूक हलवला आणि परातीएवढा गिलावा खाली आला. ते थोडक्यात वाचले. आत तांबूस, पापुद्रे सुटलेली सळई दिसत होती. काँक्रीटमध्ये पाणी शिरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि वरचं काँक्रीट फुटतं. म्हणजे आमची ‘ओल’ आणि अधिकाऱ्यांची ‘संरचना’ या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. यंदा माटोळी हॉलमध्ये बांबूच्या चौकटीवर उभी केली. या घरात असं पहिल्यांदाच झालं.

दोष एकट्या अधिकाऱ्यांचा आहे असं मी म्हणत नाही. आम्ही रहिवासीही अर्धंच पाहतो. टाइल्स चकचकीत, रंग ताजा, की घर चांगलं. आम्हीच सात वर्षांपूर्वी बाथरूमची फरशी बदलली, तेव्हा खालचं वॉटरप्रूफिंग तपासलं नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला डाग आला. काही जण तर गळती मुद्दाम लपवतात, कारण फ्लॅट विकायचा असतो. माझी विनंती आहे, किमान या एका विषयात तरी एकमेकांपासून लपवू नका.

पण राहणाऱ्याचं मत म्हणजे निव्वळ कुरकुर, असं समितीने मानू नये. २०११ च्या जनगणनेत घराची स्थिती चांगली, राहण्यायोग्य की मोडकळीस आलेली, हे घरच्या माणसाच्या मतावरून नोंदवलं गेलं. शहरांत राहणं किती सुखाचं आहे हे मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात, ज्यात आपली पणजीही होती, नागरिकांच्या मताला ३० टक्के भार होता. सरकार शहरांना विचारतं, तर आपण आपल्या २४ घरांना विचारू शकत नाही का?

४ जानेवारी २०१४ ला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसपेक्षा जास्त मजूर गेले. आपली परिस्थिती तशी नाही, मला कुणाला घाबरवायचं नाही. पण तेव्हापासून स्लॅबमधून काही पडलं की माझ्या पोटात गोळा येतो. आपली इमारत १९ वर्षांची. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यात संरचनेतल्या दोषासाठी बिल्डरची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षांची, त्यामुळे तो रस्ता आपल्याला नाही. आता बघायचं ते आपणच.

म्हणून तीन मागण्या. येत्या सर्वसाधारण सभेआधी, पाऊस आहे तोवर, प्रत्येक घरातली ओल फोटो आणि तारखेसह नोंदवावी. आमच्या मजल्याचं मी लिहून देते. ती नोंद पाहणी करणाऱ्या त्याच अधिकाऱ्यांना दाखवून अहवाल पुन्हा तपासून घ्यावा. आणि आमच्या हॉलमधल्या उघड्या सळईची पाहणी या आठवड्यातच व्हावी, कारण त्याच्याखाली सासूबाईंची खाट असते. सध्या ती आम्ही स्वयंपाकघरात हलवली आहे.

आपली विश्वासू,
तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी