‘जंप रेडी’ म्हणून विकलेल्या रिगच्या रिझर्व्हवर रिगरचं सीलच नाही: तक्रार पत्र

पुणे, दि. 20 जानेवारी 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
साहसी क्रीडा साहित्य विभाग

विषय: वापरलेली स्कायडायव्हिंग रिग खोटी माहिती देऊन विकल्याबद्दल आणि सुरक्षेबाबत चुकीचा सल्ला दिल्याबद्दल तक्रार.

संदर्भ: ऑक्टोबर 2024 मधलं तुमचं बिल आणि तुमच्या विक्री विभागाशी झालेला ईमेल व्यवहार (प्रती सोबत).

महोदय,

तुमच्या कंपनीकडून मी एक वापरलेली रिग, म्हणजे मेन (मुख्य) आणि रिझर्व्ह (राखीव) ही दोन पॅराशूट बसवलेली पाठीवरची बॅग, 2,85,000 रुपयांना विकत घेतली. बिलावर ‘रिझर्व्ह फ्रेश रिपॅक, एएडी वर्किंग, जंप रेडी’ असं छापलेलं आहे, म्हणजे रिझर्व्ह नुकतंच पॅक केलेलं, ते आपोआप उघडणारं यंत्र (एएडी) चालू आणि रिग उडीला तयार. डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या एका ड्रॉप झोनवर (उड्या मारण्याच्या तळावर) तिथल्या रिगर बाईंनी, म्हणजे पॅराशूट पॅक करणाऱ्या आणि तपासणाऱ्या परवानाधारक बाईंनी, ती तपासली आणि ती घालून विमानात चढायला मला साफ मनाई केली. तुमच्या तीन दाव्यांपैकी एकही खरा निघाला नाही.

पैशांचं पुढे लिहितेच. त्याआधी एक काम आजच्या आज करा. याच लॉटमधल्या रिग आणखी ज्यांना विकल्या असतील त्या प्रत्येकाला फोन लावा आणि सांगा, की परवानाधारक रिगरने रिझर्व्ह उघडून पुन्हा पॅक करेपर्यंत ही रिग पाठीवर चढवू नका. ईमेल पाठवून थांबू नका, ईमेल लोक वाचतातच असं नाही. हे पत्र पूर्ण वाचायच्या आधी ते फोन झाले तरी माझी हरकत नाही.

आता काय सापडलं ते सांगते. रिझर्व्ह पॅराशूट पॅक केल्यावर रिगर त्याच्या पिनवर बारीक लाल दोरा बांधतो आणि त्या दोऱ्यावर शिशाचा छोटा मणी दाबतो. मण्यावर त्या रिगरची खूण उमटलेली असते. यानंतर कोणी रिझर्व्ह उघडलेलं नाही, याचा तो पुरावा. दोरा मुद्दाम कच्चा असतो, दोन-सव्वादोन किलोच्या ताणाला तुटणारा, कारण रिझर्व्हचं हँडल ओढताना त्याने आडवं येता कामा नये. अमेरिकी मानकाप्रमाणे ते हँडल 22 पौंड, म्हणजे साधारण 10 किलोच्या आत निघालंच पाहिजे. माझ्या रिगवर मणी नव्हता. लाल दोराही नव्हता. पिनला चपला शिवायला वापरतात तसला जाड पांढरा नायलॉनचा दोरा गुंडाळून त्याला एकावर एक गाठी मारल्या होत्या. रिगर बाईंनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला, तुटला नाही. शेवटी कात्रीने कापला. मेन पॅराशूट बिघडून कटअवे केल्यावर, म्हणजे ते रिगपासून सोडून दिल्यावर, माणसाच्या हाती उरतं ते हे एकच हँडल. ते तुमच्या माणसाने बांधून टाकलं होतं.

कंटेनरच्या (रिगच्या बॅगेच्या) खिशातलं डेटा कार्ड, म्हणजे रिझर्व्हच्या पॅकिंगच्या नोंदींचं कार्ड, तुम्हीही एकदा पाहा, फोटो जोडला आहे. शेवटची खरी नोंद 2021 ची आहे, फ्लोरिडातल्या रिगरची: तारीख, प्रमाणपत्र क्रमांक, सही, सगळं जागच्या जागी. तिच्याखाली निळ्या बॉलपेनने ‘चेक्ड अँड ओके’ आणि तुमच्या कंपनीचा गोल रबरी शिक्का. कोणी तपासलं त्याचं नाव नाही, कोणत्या अधिकाराने ते नाही, तारीखसुद्धा नाही. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे रिझर्व्ह दर 180 दिवसांच्या आत प्रमाणित रिगरनेच पॅक केलेलं लागतं. मेन आम्ही लायसन्सधारक स्वतः पॅक करतो, ते आम्हाला शिकवलेलं असतं. रिझर्व्हला हात लावायची मुभा आम्हाला नाही, आणि ती नसावी हेच बरोबर आहे.

झाकण उघडल्यावर जे दिसलं त्याने मी हादरले. एएडी रिझर्व्हच्या आत बसवलेलं असतं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजतं. सायप्रेस या नावाच्या एएडीच्या एक्स्पर्ट प्रकारात, माणूस साधारण 225 मीटरवर आला तरी सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल, तर यंत्रातलं कटर रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापून टाकतं. पोटावर सपाट पडणाऱ्याचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास असतो. त्या उंचीवरून जमीन गाठायला त्याला जेमतेम चार सेकंद लागतात. बेशुद्ध पडलेल्या, खांदा निखळलेल्या किंवा भांबावलेल्या माणसाला ही चार सेकंद तारतात. पण त्यासाठी लूप कटरच्या भोकातून ओवलेला असावा लागतो. माझ्या रिगमधला लूप कटरच्या बाजूने गेला होता. यंत्र चाललं असतं, कटर उडालं असतं आणि रिझर्व्ह बंदच राहिलं असतं. तुमच्या कोणीतरी रिझर्व्ह ‘बघण्यासाठी’ उघडलं आणि पुन्हा बंद करताना ही चूक केली, याखेरीज दुसरा अर्थ मला लागत नाही, रिगर बाईंनाही लागला नाही.

तेही यंत्र मुदत संपलेलं. ते मार्च 2011 मध्ये बनलेलं सायप्रेस 2 आहे. त्या काळच्या यंत्रांना निर्मात्याने साडेबारा वर्षांचं आयुष्य ठरवून दिलं आहे, मध्ये चौथ्या आणि आठव्या वर्षी कारखान्यात तपासणीसह. म्हणजे तुम्ही मला ते विकलं त्याच्या वर्षभर आधीच ते बाद झालेलं होतं. खरेदीपूर्वी मी ईमेलवर स्पष्ट विचारलं होतं: एएडीची निर्मिती तारीख काय? उत्तर आलं, ‘मॅडम, ऑन होतंय, स्क्रीनवर शून्य येतंय, काही प्रॉब्लेम नाही.’ स्क्रीनवर शून्य येणं म्हणजे यंत्राची स्वतःची चाचणी पार पडली, एवढंच. लूप कुठून गेला आहे हे त्या स्क्रीनला कळत नाही. आणि मुदत संपलेलं यंत्र चालू होतं म्हणून ते वापरण्याजोगं ठरत नाही.

बाकीचं थोडक्यात. पायलट च्यूटची (मेनला बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटची) किल लाइन, म्हणजे मेन उघडल्यावर त्याला मिटवणारी दोरी, आखडलेली होती, त्यामुळे तो पूर्ण फुगलाच नसता. मेन उघडायलाच उशीर झाला असता, कदाचित उघडलंही नसतं. ब्रेकच्या दोऱ्या स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या आहेत. स्लायडर (पॅराशूट उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणारं कापड) घासून होणाऱ्या उष्णतेने स्पेक्ट्रा आखडतो, त्यात ब्रेकच्या दोऱ्या सर्वांत जास्त. टॉगल (ब्रेकच्या मुठी) सोडलेले असतानाही पॅराशूटची शेपूट खाली ओढली जाईल इतक्या त्या आखूड झाल्या आहेत. दोऱ्या बदलाव्या लागणार. वापरलेल्या सामानात हे चालतं, विकत घेणाऱ्याला सांगितलं तर. मला कोणीही सांगितलं नव्हतं.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र तुमच्या सल्ल्याबद्दल आहे. पायलट च्यूटबद्दल मला घरीच शंका आली होती म्हणून मी फोन केला, तर तुमचे विक्रेते म्हणाले, ‘जोरात फेकायचं, उघडतो.’ कटअवेची पिवळी केबल हाताला चिकट लागत होती, तर म्हणाले, घरात जो ऑइल स्प्रे असेल तो मारा. ती केबल कशाने पुसायची आणि तिला काय लावायचं हे हार्नेस-कंटेनरच्या निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. भलतं तेल धूळ धरून ठेवतं आणि शेजारच्या कापडाला, लूपला लागतं. रिगर बाईंनी मनाई केल्यावर मी पुन्हा फोन केला तेव्हा ऐकवलं गेलं, की तिकडच्या रिगरांचा तो धंदाच आहे, तुम्ही आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका, अनुभवी लोक आहेत, सांगतील. त्या ग्रुपवरच्या माणसांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बंद रिझर्व्हचा फोटो पाहून लूप कटरमधून गेला आहे की नाही हे जगातला कोणताही रिगर सांगू शकत नाही, आणि चांगला रिगर तसं सांगायला तयारही होणार नाही.

तुमच्या माहितीच्या व्हिडिओत थ्री-रिंग, म्हणजे मेनला रिगशी धरून ठेवणारी आणि कटअवेला सोडणारी तीन कड्यांची जोडणी, जोडून दाखवली आहे, तीही चुकीची. बिल बूथ यांनी 1970 च्या दशकात काढलेली ही रचना आज जवळपास प्रत्येक स्पोर्ट रिगवर आहे. मोठ्या कड्यातून मधलं कडं, मधल्यातून सर्वांत लहान, आणि पांढरा लूप फक्त त्या लहान कड्यावरून. प्रत्येक कड्यागणिक ताण कमी होत जातो, म्हणून माणसाचं सगळं वजन शेवटी एका बारीक लूपवर आणि केबलवर पेलतं, आणि केबल हलक्या हाताने निघते. तुमच्या व्हिडिओत लूप दोन कड्यांवरून घेतला आहे. असं जोडलं की लूपवर नको तितका भार येतो आणि ऐन वेळी एक बाजू सुटून दुसरी अडकू शकते. तो व्हिडिओ आजच काढून टाका.

तुमच्या व्यवस्थापकांनी असंही सांगितलं, की रिझर्व्ह तपासणारे गृहस्थ पूर्वी फौजेत पॅराशूट पॅक करायचे. फौजेतल्या त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. आग्र्याला पॅराट्रूपर्स घडतात, कानपूरला पॅराशूट शिवली जातात, त्यामागे कडक शिस्त असते. पण स्टॅटिक लाइनवर (विमानाला बांधलेल्या दोरीने) उघडणारं सैनिकी गोल पॅराशूट आणि फ्रीबॅग (रिझर्व्ह ज्यात घडी घालतात ती पिशवी), एएडी, थ्री-रिंग असलेली स्पोर्ट रिग ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेत तर रिगरला प्रत्येक प्रकाराची वेगळी पात्रता घ्यावी लागते. सीनियर रिगरची परीक्षा द्यायची तर त्या प्रकारची किमान 20 पॅराशूट पॅक केलेली हवीत. मास्टर रिगरला तीन वर्षांचा अनुभव आणि दोन प्रकारांत प्रत्येकी 100 लागतात, आणि मोठी दुरुस्ती फक्त तोच करू शकतो. ‘पूर्वी करायचे’ एवढ्यावर तिथे कोणी रिझर्व्हला हात लावू देत नाही.

खात्रीचा सल्ला कुठे मिळतो हे या खेळातल्या नवख्यालाही सांगितलं जातं. रिगबद्दल शंका असेल तर रिग समोर ठेवून रिगरला विचारायचं. भाग जोडण्याबद्दल असेल तर त्या भागाच्या निर्मात्याची पुस्तिका उघडायची आणि त्याने काढलेली सर्व्हिस बुलेटिन पाहायची, कारण जुन्या सामानातला दोष बऱ्याचदा तिथे आधीच नोंदलेला असतो. कोणत्या आकाराचं पॅराशूट आपल्या वजनाला आणि अनुभवाला झेपेल हा प्रश्न असेल तर आपल्याला उडताना पाहिलेल्या इन्स्ट्रक्टरकडे किंवा ड्रॉप झोनच्या सेफ्टी अँड ट्रेनिंग अ‍ॅडव्हायझरकडे जायचं. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनची माहिती पुस्तिका कोणालाही वाचता येते. तुमच्या विक्रेत्याने फोनवर ‘हे आम्हाला सांगता येणार नाही, रिगरला दाखवा’ एवढं एक वाक्य उच्चारलं असतं तरी माझी तक्रार निम्मी झाली असती.

शीतल महाजनांनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली तेव्हापासून पुण्यातल्या कितीतरी मुलींच्या मनात हा खेळ आहे. त्यातली एखादी शिकून येईल, परदेशी नवी रिग परवडणार नाही म्हणून तुमच्या दुकानात येईल आणि बिलावरच्या ‘जंप रेडी’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवेल. तिच्या ड्रॉप झोनवर मला भेटल्या तशा कडक रिगर बाई असतीलच याची हमी नाही.

माझ्या मागण्या अशा. रिगची पूर्ण किंमत आणि रिगरच्या तपासणीचा खर्च, पावतीप्रमाणे, पंधरा दिवसांत परत करावा. रिग मी तुमच्या खर्चाने परत पाठवीन, मात्र रिगर बाईंनी तिच्यावर लावलेली ‘वापरू नये’ ही चिठ्ठी तशीच ठेवून, आणि ती रिग पुन्हा विक्रीला ठेवणार नाही असं मला लेखी हवं. यापुढे वापरलेली रिग विकताना कंटेनर, रिझर्व्ह, मेन आणि एएडी या चारही वस्तूंचे अनुक्रमांक व निर्मिती तारखा, आणि शेवटच्या रिपॅकच्या रिगरचं नाव व प्रमाणपत्र क्रमांक बिलावर छापावा. रिगर नसलेल्या कोणीही रिझर्व्ह उघडू नये. आणि वर लिहिलेले फोन कोणाकोणाला केले, याची माहिती मला सात दिवसांत कळवावी. नावं नकोत, किती रिग विकल्या होत्या आणि किती जणांपर्यंत निरोप पोचला एवढं पुरे.

मी ही खरेदी तुमच्या संकेतस्थळावरून केली होती. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यायला तुम्ही बांधील आहात. तसं झालं नाही तर सदोष माल आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी दाद मागेन. रिगर बाईंनी कापलेला तो नायलॉनचा दोरा पाकिटात बंद करून, त्यावर त्यांची सही घेऊन, मी जपून ठेवला आहे. तो आयोगापुढे सादर करीन.

आपली,
(सही)
ग्राहक, कोथरूड, पुणे

सोबत: बिलाची प्रत, ईमेल व्यवहार, रिगरचा लेखी अहवाल व फीची पावती, डेटा कार्ड, एएडीचं लेबल आणि कटरजवळच्या लूपचे फोटो.