राजा आणि ठमी गाडीत येणार म्हणून

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

तुझ्या कॅम्पर व्हॅनचं, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा गाडीचं, पत्र्याचं काम झालं, आता आतलं सुतारकाम सुरू होईल. फोनवर तू रंगाचं आणि पडद्यांचंच बोलत बसतोस, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. तू आणि वहिनी दोघंच निघाला असता तर तुझ्या चित्राप्रमाणं गाडी करून दिली असती. पण तुझा कुत्रा राजा आणि मांजर ठमी येणार म्हटल्यावर मला अर्धा नकाशा बदलावा लागतोय. कारणं आत्ताच ऐक, नाहीतर इथं येऊन सुताराशी हुज्जत घालशील.

आधी गॅस. तुझ्या चित्रात शेगडीची बटणं ओट्याच्या पुढच्या कडेला आहेत, म्हणजे बरोबर राजाच्या शेपटीच्या उंचीला. कारवानी कुत्र्याची शेपूट म्हणजे चाबूक, आणि ठमी तर ओट्यावर चढणारच. बटण फिरलं की ज्योत नाही, नुसता गॅस. हा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो. तुम्ही दोघं वर बेडवर, राजा खाली पोत्यावर. पहिला तोच त्यात सापडणार. म्हणून शेगडी मागं सरकवलीय आणि बटणांपुढं झाकण बसवतोय. सिलिंडर ५ किलोचा, उभा, बाहेरून उघडणाऱ्या पेटीत. पेटीच्या तळाला बाहेर निघणारं भोक, गाडीच्या आतल्या अंगानं सगळं बंद. स्वयंपाक उरकला की रेग्युलेटर बंद, गाडी चालू असताना तर बंदच. रबरी नळी चांगली दिसली तरी ५ वर्षांनी बदलायची.

गॅसचा डिटेक्टर मी फरशीपासून वीतभर उंचीवर लावणार, धुराचा अलार्म छताला. दोन्ही वर लावलेल्या गाड्या इथं येतात, मालकाला वाटतं काम झालं. वास आला तर दिवा लावायचा नाही आणि विझवायचाही नाही. दारं उघडून जनावरांसकट बाहेर पडायचं, लांब जाऊन मग १९०६ ला फोन.

गगनबावड्याला पावसात गारठा असतो, तुला निखारे आत घ्यायचा मोह होईल. अजिबात नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तात ऑक्सिजनची जागा तोच अडवतो. मांजराचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो, त्यामुळं ठमीला आधी बाधेल आणि तुम्हाला वाटेल ती झोपलीय. या वायूचा अलार्म वेगळा मिळतो, तो उशाजवळ लावतोय. चूल पेटवायचीच तर बाहेर, गाडीपासून लांब.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा तू पुण्यात होतास. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं थिएटर. भर गावात, बंब हाकेच्या अंतरावर, तरी रंगमंच आणि छप्पर वाचलं नाही. तुझ्या गाडीत सगळा प्लाय, फोम आणि कापड, आणि गगनबावडा इथून ५५ किलोमीटर. बंब येईल या हिशोबानं राहायचंच नाही. दाराशी २ किलोचं एबीसी पावडरचं आग विझवायचं यंत्र देतो, काटा हिरव्यात आहे का ते निघताना बघत जा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी मारू नकोस, वरून झाकण टाक आणि गॅस बंद कर. एवढ्यानं भागलं नाही तर विझवत बसायचं नाही, उतरायचं.

आता खरी अडचण. माणूस हाक मारली की उठून दाराकडं येतो. मांजर घाबरलं की लपतं, आणि अलार्म वाजला की राजाही बेडखालीच घुसेल. म्हणून बेडखालचे सगळे कप्पे मी बंद करतोय. तुझी सामानाची जागा जाते, नाइलाज आहे. ठमीची पेटी सरकत्या दाराला लागून, रात्री ती पेटीतच झोपेल. पेटीची मूठ अंधारात चाचपडून सापडली पाहिजे. राजाचा पट्टा दाराजवळच्या हुकाला, पण रात्री त्याला आत बांधायचं नाही. बाहेर बांधलास तरी गाडीला नको. मागचं दार आतून उघडेल अशी कडी लावलीय, तिच्यापुढं बॅगा रचू नकोस.

तिथं घरीच अलार्मचं बटण दाबून दाबून राजाला सवय लाव: आवाज झाला की दाराशी, दाराशी आला की बिस्कीट. वहिनी ठमीला घेणार, तू राजाला, हे आधीच ठरवा. आणि एखादं आत राहिलंच तर दारं सताड उघडी टाकून बाहेरून हाका मारायच्या. परत आत शिरायचं नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून वहिनींनाही हे वाचायला दे.

धूर अंगावर आलेलं जनावर नंतर बरं दिसलं तरी डॉक्टरकडं ने. खोकला, धाप कित्येक तासांनीही सुरू होते.

वायरी मी पाइपातून नेतोय, राजाचे दात बघता. एक्स्टेंशनचं रीळ मात्र वापरताना पूर्ण उलगडत जा, गुंडाळलेलं तापतं. आणि चार्जर लावून त्या दोघांना कोंडून जेवायला जायचं नाही.

ठमीच्या पेटीचं माप लगेच पाठव, मूठ धरून उंची सांग. सुतार त्याच्यासाठी थांबलाय, आणि तो थांबला की चहाचं बिल माझ्या नावावर चढतं.

तुझा,
बंड्या