टाकून दिलेली अंडी उचलणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकट्यालाच पाठवता आलं असतं. पण ड्रॅगन केव्ह या अंडी उबवून ड्रॅगन वाढवण्याच्या ऑनलाइन खेळात तुमच्यामुळे ज्यांचं स्क्रोल, म्हणजे संग्रहाचं पान, उभं राहिलं असे आम्ही बरेच जण आहोत, आणि आमच्यापैकी कुणालाच तुमचे नीट आभार मानता आलेले नाहीत. तुम्ही मानूच देत नाही. अंडं पाठवायचं, दोन ओळी लिहायच्या आणि दिसेनासं व्हायचं, ही तुमची पद्धत. म्हणून हे सगळ्यांसमोर.

मी नवीन होते तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की गुहेत दर तासाला नवी अंडी येतात आणि ज्याचा हात चपळ त्याला ती मिळतात. अंड्याचं वर्णन वाचायला तुम्ही शिकवलंत. कागदाचे तुकडे दुमडून केलेलं इवलंसं अंडं असेल तर त्यातून कागदाचा ड्रॅगन निघतो, आणि शेजारच्यांपेक्षा बरंच लहान असेल तर चक्क कोंबडी! हे कळल्यावर मी अंड्यांमागे धावायचं सोडून ती वाचायला लागले. प्रत्येक ड्रॅगनच्या पानावर चित्रकाराचं नाव असतं, तेही तुम्हीच दाखवलंत. 'आधी हात कुणाचा ते बघ, मग दुर्मीळ आहे का ते बघ,' असं तुम्ही म्हणाला होतात. मी अजून त्याच क्रमाने बघते.

मग उबवण्याची गोष्ट. अंड्याला ७ दिवस मिळतात. उरलेला वेळ ४ दिवसांच्या खाली आला आणि तोवर पुरेशा लोकांनी ते पाहिलेलं असलं, की कवच तडकतं. पाहिलंच नाही तर वेळ संपल्यावर ते मरतं. पिल्लाचंही तसंच. एकटीने कितीही जीव लावला तरी काही होत नाही, अनोळखी माणसांनी येऊन बघावंच लागतं. आणि कोवळ्या अंड्याकडे एकदम फार लोकांनी पाहिलं तर ते आजारी पडतं. तुम्ही मला आधीच बजावलं होतंत: पहिल्याच दिवशी हॅचरीत, म्हणजे अनोळखी लोक अंडी बघायला येतात त्या साइटवर, टाकायची घाई नको, कवच मऊ पडल्यासारखं वाटलं तर सरळ धुक्यात ठेव, नजरा थांबतील. तुमच्या या एका सूचनेने किती जणांची अंडी वाचली असतील, याची तुम्हाला कल्पना नसेल.

पण मला खरं सांगायचंय ते टाकून दिलेल्या अंड्यांबद्दल. वंशावळ गुंतागुंतीची आहे, आजी-आजोबा दोन्हीकडून तेच आहेत, रंग नेहमीचाच आहे, अशा कारणांनी लोक अंडी सोडून देतात. बहुतेक जण अशा अंड्यांच्या पानावर जातात ते चुकून सुटलेलं एखादं मौल्यवान अंडं गाठायला. तुम्ही मात्र कुणालाच नको असलेली अंडी उचलता. थोडेच तास उरलेली अंडी हॅचरीत नेता, जगवता, मोठी करता. एवढ्यावरही थांबत नाही. प्रत्येकाला नाव देता. तिथे एक नाव एकाच ड्रॅगनला मिळतं, म्हणजे विचार करावा लागतो. शिवाय त्याच्यासाठी छोटंसं वर्णनही लिहिता. तुमच्या स्क्रोलवर मी तासन् तास फिरले आहे. ज्या हिरव्या ड्रॅगनकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, त्याला उंचीची भीती वाटते आणि तो नदीकाठाने चालतच प्रवास करतो, हे वाचल्यावर तो साधा कसा राहील? संग्रह म्हणजे काय, हे मला तिथे उमगलं. सोनेरी-चंदेरी ड्रॅगनांच्या रांगा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या मला आवडतात, पण कुणाच्या दारात थांबावंसं वाटतं ते तुमच्याच.

आता माझ्या वंशावळीबद्दल. चौथ्या पिढीच्या चेकरमध्ये, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसणाऱ्या वंशावळीत, एका ड्रॅगनमागे १४ पूर्वज लागतात: गुहेतून थेट आलेले ८, मग ४, मग २. दोन जाती एकाआड एक, आणि नातं कुठेही जुळता कामा नये. माझा नर तयार होता. त्याला शोभेल अशी, वेगळ्या रक्ताची, त्याच पिढीची मादी कुणाकडेच नव्हती. मी सहज विचारलं होतं. तुम्ही 'बघते' एवढंच म्हणालात.

त्यामागे काय काय होतं ते मला नंतर कळलं. एक जोडी ७ दिवसांतून एकदाच लावता येते. कधी अंडंच मिळत नाही, कधी मिळतं ते दुसऱ्या जातीचं. तुम्ही आठवड्यामागून आठवडा माझ्यासाठी जोडी लावत राहिलात, आणि जी अंडी माझ्या कामाची नव्हती ती टाकून न देता स्वतःच वाढवलीत. हवं ते अंडं आल्यावर मादीच निघावी म्हणून तुमच्या गुलाबी ड्रॅगनचा उपयोग केलात, मगच मॅजाय जातीच्या ड्रॅगनकडून ते मला टेलिपोर्ट केलंत, म्हणजे लिंकने पाठवलंत. लिंक उघडली तर समोर एकतर्फी हस्तांतर. बदल्यात देता येईल असं काही मी जमवून ठेवलं होतं, पण ते द्यायला तुम्ही जागाच ठेवली नव्हती.

काही लोक म्हणतात, ही तर नुसती चित्रं. तामागोची १९९६ मध्ये आलं आणि निओपेट्स १९९९ मध्ये, तेव्हापासून हे बोलणं चालूच आहे. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. माझ्यासाठी तुम्ही खर्च केलेला वेळ चित्रातला नव्हता, एवढं मला पक्कं माहीत आहे. आणि तुमचा चेहराही कधी न पाहिलेल्या माझ्यासारखीसाठी तो तुम्ही खर्च केलात.

तर बातमी अशी, की ती मादी मोठी झाली. पंख पसरलेलं तिचं चित्र आलं त्या दिवशी मी तिच्या पानावरून हललेच नाही. जोडी लावली आणि पहिल्याच खेपेला पाचव्या पिढीचं अंडं मिळालं. ते मी नुकत्याच आलेल्या एका मुलीला दिलं, एकतर्फी. तिला वंशावळ कशी वाचायची हे अजून कळत नाही, पण तिचे प्रश्न फार चांगले असतात. तिला तुमच्याकडेही पाठवणार आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जोडी लावेन. ते अंडं तुमचं. लिंक पाठवली की कृपा करून नाही म्हणू नका.

तुमच्या यादीतली एक