चाकण सोडलं, त्याबद्दल

दहेज (गुजरात), २१ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचं टाळलं. फोनवर आई गप्प होते आणि बाबा नुसतं "बरं" म्हणतात, आणि ते "बरं" मला दोन दिवस पुरतं. तर, चाकणची नोकरी मी सोडली. ३१ तारखेला हिशेब घेतला. इथे पाइपांच्या वेल्डिंगच्या कामावर लागून तीन आठवडे होतील. करार १४ महिन्यांचा आहे. भांडण नाही, कर्ज नाही, कुणी काढलेलं नाही. आप्पांचं झालं तसलं काहीही नाही, एवढं आधी वाचा आणि मग पुढचं.

बाबा, "परमनंट होतास की रे" हेच तुमच्या मनात येणार. नऊ वर्षं मी सीओटू वेल्डिंग मारत होतो. फिक्स्चरमध्ये ब्रॅकेट लावायचं, चार टाके, काढायचं, पुढचं. व्होल्टेज आणि वायरचा स्पीड दुसऱ्यानं ठरवलेला. ते काम नवीन पोरगा महिन्याभरात उचलतो, आणि शेजारच्या लाइनवर रोबो आलाच होता. पगार वाढत होता तो वर्षं भरली म्हणून. माझ्या हाताला बाहेर काय भाव आहे ते बघायला मी सहा महिने भरतीच्या जाहिराती वहीत उतरवल्या. हजेरी (रोजचा पगार) दुपटीच्या घरात गेली की त्या ओळीत तेच शब्द दिसायचे: टिग (आर्गन गॅसमध्ये हातानं वायर भरत करायचं वेल्डिंग), सिक्स-जी, एक्सरे जॉइंट (एक्सरे काढून तपासतात तो). अनुभव किती वर्षांचा, हे नंतर.

सिक्स-जी म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधायचा आणि तो न फिरवता आपण त्याच्याभोवती फिरून जॉइंट पुरा करायचा. ही एक पोझिशन पास झाली की बाकी सगळ्या त्यात येतात. बेव्हल (पाइपच्या कडेचा उतार) साडेसदतीस अंशांचा, रूट फेस (उतार न दिलेली आतली कड) दीड मिमी, गॅप (दोन पाइपांमधली फट) तीन मिमी. सगळा खेळ खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात तिथे. धातू आपल्याच वजनानं खाली ओघळतो आणि पाइपच्या आत खड्डा पडतो. तिथे वायर गॅपमधून आतल्या अंगाला धरून भरावी लागते. हे जमायला मला दर रविवारी सराव करून चार महिने लागले.

परीक्षेचा पाइप कुठला घ्यायचा यातच निम्मा भाव ठरतो, आणि पोरं तिथेच फसतात. वेल्डिंगच्या कोडप्रमाणे (नियमावली) १३ मिमीच्या आत जेवढी जाडी भरली तिच्या दुपटीपर्यंतच पुढे काम करायची मुभा मिळते. दोन इंची शेड्यूल ४० (नेहमीच्या जाडीचा पाइप) ची भिंत ३.९१ मिमी, म्हणजे मुभा जेमतेम पावणेआठ मिमीची. तोच दोन इंची डबल एक्स्ट्रा स्ट्राँग (खूप जाड भिंतीचा) घेतला तर भिंत ११.०७, मुभा २२ मिमीपर्यंत. आणि दोन इंचीवर पास झालं की २५ मिमी व्यासाच्या वरचे सगळे पाइप चालतात. पण रूट (तळाचा पहिला थर) टिगनं आणि वर रॉड मारला तर जाडी दोघांत वाटली जाते: टिगची ४ असेल तर टिगला ८ पर्यंतच. म्हणून मी पूर्ण टिगनंच भरला. वेळ गेला, हात भरून आले, पण कागद मोठा झाला.

आता घाई का केली ते. सहा महिने त्या प्रोसेसनं काम केलं नाही की ती पात्रता संपते. परीक्षा मार्चमध्ये झाली होती. चाकणला टिगचं मशीनच नाही. सप्टेंबर उलटला असता तर चार महिन्यांचे रविवार पाण्यात. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "दिवाळीनंतर बघू" म्हणाला असता. चुकलो असेन, पण विचारलं नाही ते यामुळे.

इथे स्टेनलेसही आहे. त्यात पाइपच्या आतून आर्गन सोडावा लागतो, नाहीतर रूट आतून काळी, दाणेदार होते. बाबा, याला सगळे शुगरिंग म्हणतात. आयुष्यभर कारखान्यात साखर काढलीत तुम्ही, आणि मी ती होऊ नये म्हणून धडपडतोय! पंख्याचा वारा लागला तरी गॅस उडतो आणि जॉइंटला बारीक भोकं पडतात. (आई, म्हणून कामावर पंखा नसतो. खोलीत आहे. दोन आहेत.)

पुढची कंपनी हा कागद बघेल, पण कूपन (परीक्षेचा तुकडा) परत मारायला लावणारच. म्हणून रोज वहीत लिहितो: जॉइंट नंबर, व्यास, जाडी, मटेरियल, एक्सरेचा निकाल. आजवर ४१ जॉइंटचे एक्सरे झाले, एक रिपेअर निघाला. तो स्टार्ट-स्टॉपवर (थांबून परत सुरू केलं तिथे) होता. जुन्या टोकाला ग्राइंडरनं उतार न देताच पुढे गेलो होतो. करार संपला की आयबीआरची (सरकारी बॉयलर नियमांची) परीक्षा द्यायची आहे. बॉयलरला त्याशिवाय हात लावू देत नाहीत, आणि ऑफ सीझनला आपल्याकडे कारखान्या-कारखान्यांत बॉयलरची रिपेअरी निघते हे मी तुम्हाला काय सांगायचं. म्हणजे घराजवळच.

पीएफ काढलेला नाही, त्याच नंबरावर ट्रान्सफर केला. पेन्शनला दहा वर्षं लागतात, इथली धरून पुरी होतात.

आई, मेस चांगली आहे. ज्वारीची भाकरी मिळत नाही, बाजरीची मिळते. अंघोळीला गरम पाणी आहे. डोळ्यांना वेल्डिंग लागलं तर काय, ही तुझी भीती मला माहीत आहे. बाबा रात्री कण्हत पडायचे, तू बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवायचीस आणि मी दिवा धरून उभा असायचो. आता काच आपोआप काळी होणारं हेल्मेट आहे. बटाटे भाजीलाच वापर.

गौरीला यंदा येणं होणार नाही. दिवाळीचे आठ दिवस आत्ताच लिहून दिलेत.

बाबा, टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांगितलंय. बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासानं, आधी नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे १० तारखेला दोघांनी जायचं, रिक्षानं, एसटीनं नाही. मेडिक्लेमचा हप्ता भरलाय. पावती देवघराच्या खणात ठेवा.

तुमचा,
बाळू

ता. क. : बाबा, माळ्यावर तुमचा जुना, वेल्डिंग करताना तोंडापुढे धरायचा हँडस्क्रीन आहे. काच तडकली असली तरी भंगारात देऊ नका.